तनाख वाचायला कुठून घ्यावं, आणि अडलं तर काय करावं

प्रश्न असा आहे: ‘मराठी बायबलमधला जुना करार पहिल्या पानापासून वाचायला घेतला. उत्पत्ती आवडलं, निर्गमाचा पूर्वार्धही. मग निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, मापं आली, पाठोपाठ लेवीयमधले बळींचे विधी, आणि तिसऱ्या अध्यायात थांबलो. ज्यू लोक हा ग्रंथ कसा वाचतात? एकच गोष्ट दोनदा, वेगळ्या तपशिलांनी येते, तिचं काय करायचं? हिब्रू आल्याशिवाय यात पडूच नये का?’

गेली २० वर्षं मी हा ग्रंथ मराठीतून शिकवतोय. लेवीयमध्ये अडकलेलं कुणी ना कुणी दर वर्षी वर्गात असतंच, तेव्हा मन खट्टू करून घेऊ नका. गंमत अशी की ज्यू परंपरेत लहान मुलांचा धडा लेवीयपासूनच सुरू करायची रीत होती. मुलं निर्मळ, बळींचे विधी शुद्धतेचे. निर्मळांनी शुद्ध गोष्टींचा अभ्यास करावा, असं कारण जुन्या ग्रंथांत दिलंय. तुम्ही जिथे थांबलात तिथे त्यांची पाटी सुरू व्हायची. पण ती मुलं एकटी वाचत नव्हती, शेजारी शिकवणारा असायचा. तुम्ही एकटे आहात, म्हणून तुमची वाट वेगळी हवी.

आधी नावाचं बघू. ‘जुना करार’ हे ख्रिस्ती नाव. ‘नवा’ आहे म्हणून हा ‘जुना’. ज्यू माणसासाठी हा एवढाच करार आहे, आणि तो जुना झालेला नाही. ते म्हणतात तनाख. तोरा, नविईम आणि केतुविम, म्हणजे नियमशास्त्र, संदेष्टे आणि लेख, या तीन भागांच्या पहिल्या अक्षरांवरून हा शब्द झाला. पुस्तकं २४. तुमच्या हातातल्या मराठी बायबलमध्ये तीच ३९ मोजलेली आहेत, कारण शमुवेल, राजे, इतिहास यांचे दोन दोन भाग केलेत, एज्रा आणि नहेम्या वेगळे केलेत, आणि १२ छोटे संदेष्टे सुटे धरलेत. मजकूर तोच, क्रम मात्र वेगळा. आणि क्रमाने अर्थ बदलतो. ख्रिस्ती मांडणी मलाखीवर संपते, म्हणजे कुणीतरी येणार आहे अशा अपेक्षेवर. तनाख इतिहासाच्या पुस्तकावर संपतो. तिथे इराणचा राजा कोरेश बाबेलमधल्या ज्यूंना यरुशलेमला परत जायची मुभा देतो, आणि त्या परवान्यातला शेवटचा हिब्रू शब्द आहे ‘व्याअल’: त्याने वर जावं. सगळा ग्रंथ घरी निघालेल्या माणसाच्या पहिल्या पावलावर थांबतो.

तोरा म्हणजे उत्पत्तीपासूनची पहिली पाच पुस्तकं. त्यांतल्या पाचव्याचं मराठी नाव आहे ‘अनुवाद’. नवा वाचक बुचकळ्यात पडतो, की हे कशाचं भाषांतर? पण आपल्या जुन्या शास्त्रीय भाषेत अनुवाद म्हणजे सांगितलेलं पुन्हा सांगणं. त्या पुस्तकात तेच घडतं. यार्देनेच्या अलीकडच्या काठावर, मरणापूर्वी, लोकांना मिसरातून (इजिप्तमधून) बाहेर काढणारा मोशे ४० वर्षांची हकीकत आणि नियम नव्या पिढीला पुन्हा सांगतो. ज्यू परंपरेतलं त्याचं एक नाव ‘मिश्ने तोरा’, त्याचा अर्थही हाच. ज्याने कुणी हे मराठी नाव निवडलं त्याला मी मनातून दाद देतो. आणि मोशे पुन्हा सांगताना बदल करतो, हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून बघाच. शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाची विश्रांती, का पाळायचा? निर्गमाच्या २०व्या अध्यायात कारण आहे, देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली. अनुवादाच्या ५व्या अध्यायात कारण आहे, तुम्ही मिसरात गुलाम होता हे आठवा आणि तुमच्या दासदासींनाही विश्रांती मिळू द्या. आज्ञा एक, कारणं दोन. म्हणजे या ग्रंथाचा पहिला भाष्यकार ग्रंथाच्या आतच बसलाय.

आता दोनदा येणाऱ्या गोष्टी. उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि दुसरा अध्याय घ्या. पहिल्यात वनस्पती, मग प्राणी, आणि शेवटी नर-नारी एकदमच. दुसऱ्यात आधी माणूस, मग बाग, मग प्राणी, आणि शेवटी स्त्री. हा सांधा मराठीतही दिसतो: पहिल्या अध्यायात नुसतं ‘देव’, आणि दुसऱ्याच्या ४थ्या ओवीपासून ‘परमेश्वर देव’. जलप्रलयातही तसंच. एका ठिकाणी प्रत्येक प्राण्याची एक जोडी, दुसरीकडे शुद्ध प्राण्यांच्या सात जोड्या. पाऊस ४० दिवस, आणि पाण्याचा जोर १५० दिवस.

याचं उत्तर दोन घराण्यांनी दोन तऱ्हांनी दिलं. युरोपात १७५३ मध्ये झाँ आस्त्र्युक नावाच्या फ्रेंच वैद्याने देवाच्या नावांवरून मजकूर वेगळे काढून पाहिले. १८७८ मध्ये जर्मन अभ्यासक युलियुस वेलहाउझेनने त्यावर पक्की इमारत उभी केली: चार वेगवेगळ्या काळांतले स्रोत, मागाहून एकत्र गुंफलेले. तिच्या तपशिलांवर आज फार वाद आहेत, पण तोरा एका हाताने एका बैठकीत लिहिलेली नाही, हे विद्यापीठांतले बहुतेक अभ्यासक धरून चालतात. श्रद्धाळू ज्यू भाष्यकार उलट बाजूने येतात. तोराचा कर्ता एक आहे, तेव्हा दोनदा सांगण्यात काही हेतू असणार, तो शोधा.

पण शंका फक्त आधुनिकांना सुचली असं समजू नका. १२व्या शतकात स्पेनमधला अब्राहाम इब्न एझ्रा उत्पत्तीच्या १२व्या अध्यायापाशी थबकला. तिथे लिहिलंय, ‘त्या काळी त्या देशात कनानी होते.’ मोशेच्या काळात तर कनानी तिथे होतेच. मग ‘त्या काळी’ असं कोण म्हणेल? जो ते गेल्यानंतर लिहितोय तोच. इब्न एझ्रा एवढंच लिहितो की इथे एक गुपित आहे, आणि ज्याला कळेल त्याने गप्प राहावं. श्रद्धा शाबूत ठेवून डोळे उघडे ठेवणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

तुम्ही दोन्हींपैकी कुठल्या घराण्याचे, हे आत्ता ठरवायची गरज नाही. आधी सांधा दिसायला हवा. तो घाईघाईने बुजवू नका, आणि ‘चूक सापडली’ म्हणून पुस्तक मिटूही नका. ज्यू अर्थबोधाची सगळी परंपरा अशाच ठेचांच्या जागी उगवली आहे: एखादा शब्द जास्तीचा, एखादी गोष्ट न सांगितलेली, एखादं वाक्य मागच्याशी न जुळणारं. मी वर्गात वहीची पानं उभी दुमडायला लावतो. डावीकडे फक्त जे लिहिलंय ते, उजवीकडे आपल्याला जे वाटतं ते. पहिल्या महिन्यात डावी बाजू रिकामी आणि उजवी भरगच्च असते, कारण आपण ऐकून ठेवलेली गोष्ट वाचतो, समोरचा मजकूर वाचत नाही.

एक अध्याय सोबत करून बघू. उत्पत्ती २२, अब्राहाम इसहाकाला वेदीवर चढवतो तो प्रसंग. हिब्रूत याला ‘अकेदा’, म्हणजे बांधणं, म्हणतात. अवघ्या १९ ओव्या.

देव म्हणतो, ‘तुझा मुलगा, तुझा एकुलता एक, ज्याच्यावर तुझी माया आहे तो, इसहाक, याला घे.’ एक नाव सांगायला एवढे शब्द कशाला? फ्रान्समधल्या त्र्वा गावचा राशी (१०४० ते ११०५) जुन्या परंपरेतून इथे एक संवाद ऐकवतो. देवाची वाक्यं मूळ मजकुरातली, अब्राहामाची उत्तरं परंपरेने भरलेली. ‘तुझा मुलगा घे.’ मला दोन मुलगे आहेत. ‘एकुलता एक.’ दोघंही आपापल्या आईचे एकुलते एक. ‘ज्याच्यावर तुझी माया आहे तो.’ माया दोघांवर आहे. ‘इसहाक.’ जास्तीचे वाटणारे शब्द आता एका बापाची धडपड झाले. हे झालं देराश, म्हणजे मजकुराकडे विचारणा करून काढलेला अर्थ. सरळ अर्थाला पेशात म्हणतात. याखेरीज सूचक अर्थ रेमेझ आणि गूढ अर्थ सोद. चारींची पहिली अक्षरं मिळून ‘पारदेस’, म्हणजे फळबाग. नवशिक्याने पहिल्या दोहोंवर बरीच वर्षं काढावीत. सोदच्या मागे लागून मजकूरच हरवून बसलेले वाचक मी पाहिलेत, आणि त्यांना परत आणणं फार जड जातं.

पुढे चला. अब्राहाम पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो. इसहाकाच्या आईला, सारेला, काही सांगितलं का? लिहिलेलं नाही. ‘तिसऱ्या दिवशी’ ती जागा दिसते. मधल्या दोन दिवसांत काय बोलणं झालं? एक अक्षर नाही. मग लाकडं इसहाकाच्या खांद्यावर, विस्तव आणि सुरी बापाच्या हातात, ‘आणि ते दोघे बरोबर चालले.’ इसहाक विचारतो, ‘बाबा, हा विस्तव, ही लाकडं, होमबलीसाठी कोकरू कुठे आहे?’ मोजून बघा. त्याने विस्तवाचं नाव घेतलं, लाकडांचं घेतलं, सुरीचं घेतलं नाही. सुरी तीन बोटांवर दिसत असताना मुलगा तिचं नाव टाळतो. मी हा अध्याय कितीतरी वेळा शिकवलाय, तरी या ओळीला माझा आवाज अजून अडकतो. अब्राहाम म्हणतो, ‘होमबलीचं कोकरू देव पाहील, माझ्या मुला.’ तोराच्या गुंडाळीत विरामचिन्हं नसतात, तेव्हा ‘माझ्या मुला’ ही हाक आहे की कोकरू कोण याचं उत्तर, हे वाचणाऱ्यावर राहतं. आणि लगेच पुन्हा तेच वाक्य: ‘आणि ते दोघे बरोबर चालले.’ पहिल्यांदा एकाला ठाऊक होतं. आता बहुधा दोघांना.

शेवटी देवदूत हात थांबवतो, झुडपात शिंगं अडकलेला एडका सापडतो. आणि १९वी ओवी म्हणते, अब्राहाम आपल्या गड्यांकडे परत आला, आणि ते मिळून बैरशेब्याला गेले. इसहाक? त्याचं नावच नाही. पुढच्या अध्यायाच्या तोंडाशी सारा मरते. काही जुन्या भाष्यकारांनी हे धागे जोडले, की मुलाची बातमी ऐकूनच तिचा जीव गेला. कुणी तर इसहाक खरोखर मारला गेला आणि मागून जिवंत झाला असंही म्हटलं. त्यांना इब्न एझ्रा खडसावतो: हे तर लिहिल्याच्या उलट झालं, मुलगा बापाच्या छायेखाली होता म्हणून त्याचं नाव वेगळं घेतलेलं नाही. कल्पनेला मोकळीक आहे, पण मजकुराने स्पष्ट सांगितलेलं तिला खोडता येत नाही, हा दंडक इथे दिसतो.

असे टोकाचे अर्थ कुणाला आणि कधी जवळचे वाटले, हेही ध्यानात घ्या. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाईनकाठच्या माइन्त्झ, वर्म्स या शहरांतल्या ज्यूंची कत्तल केली. बळजबरीच्या बाप्तिस्म्यापेक्षा आईबापांनी आपल्या हाताने मुलांना मारल्याच्या नोंदी त्या काळच्या हिब्रू वृत्तांतांत आहेत, आणि ते लिहिणाऱ्यांना राहून राहून अकेदा आठवते. तिथे देवदूताने हात थांबवला नव्हता. ख्रिस्ती वाचकांना त्याच अध्यायात क्रूस दिसला. ओव्या त्याच, पण प्रत्येक काळाने आपलं दुखणं घेऊन त्या वाचल्या.

कायद्याच्या भागाचं वाचन वेगळं. ‘डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात’ ही ओळ लोक सूडाचा दाखला म्हणून फेकतात. तालमूद हा रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मशास्त्र्यांच्या, चर्चांचा प्रचंड ग्रंथ. त्यात ही ओळ घेऊन रब्बी सरळ व्यवहारातले प्रश्न विचारतात. आंधळ्याने कुणाचा डोळा फोडला तर त्याचं काय फोडणार? एकाचा डोळा मोठा, दुसऱ्याचा लहान, मग बरोबरी कशी? शिवाय खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नका असं तोरा दुसरीकडे सांगते. म्हणजे अवयवाबद्दल घेता येते. निष्कर्ष: भरपाई पैशांत द्यायची. अशा युक्तिवादांचे नियम ठरलेले आहेत. हिल्लेलच्या नावावर ७, रब्बी इश्माएलच्या नावावर १३. त्यांतला पहिला, ‘काल वाहोमेर’, म्हणजे आपल्याकडचा कैमुतिक न्याय. मोशे देवाला म्हणतो, इस्राएलचे लोकच माझं ऐकत नाहीत, मग मिसरचा राजा फारो कशाला ऐकेल? मीमांसेची थोडी ओळख असलेल्या मराठी वाचकाला तालमुदातल्या वादाची चाल लवकर पकडता येते, हा माझा अनुभव आहे.

ग्रंथ स्वतःशीही वाद घालतो. दहा आज्ञांत म्हटलंय की बापांच्या अपराधाचं फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत मिळेल. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडलं, लोक हद्दपार झाले, आणि त्यांच्या तोंडी एक म्हण बसली: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. बाबेलमध्ये त्यांच्याबरोबर राहणारा संदेष्टा यहेज्केल आपल्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात ठामपणे सांगतो, ही म्हण यापुढे इस्राएलात चालणार नाही. जो पाप करील तोच मरेल. तेव्हा ‘बायबल याबद्दल काय म्हणतं’ असं विचारण्यापेक्षा कोण, कधी, कुणाला म्हणतोय हे विचारा.

इतिहासाबद्दल थोडक्यात. इस्राएल हे नाव मिसरच्या मर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात, इ.स.पू. १२०८च्या सुमारास, पहिल्यांदा भेटतं. मिसरातून सुटकेचा थेट पुरावा उत्खननात मिळालेला नाही. उलट इ.स.पू. ७०१ मधला यरुशलेमचा वेढा दोन्ही बाजूंनी नोंदवलेला आहे. राजांच्या पुस्तकात देवदूताने अश्शूरी सैन्य मारलं असं आहे. अश्शूरचा राजा सन्हेरीब आपल्या लेखात फुशारकी मारतो की यरुशलेमच्या राजाला, हिज्कीयाला, पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. पण शहर घेतलं असं तोही म्हणत नाही. ग्रंथाच्या सगळ्या भागांना इतिहासाची एकच फूटपट्टी लावू नका.

हिब्रू हवी का? सुरुवातीला नको, पण तिचा स्वभाव माहीत हवा. तोराची गुंडाळी नुसत्या व्यंजनांनी लिहितात. मोडी कागदात ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही आणि जाणकार संदर्भावरून शब्द लावतो, तसं काहीसं इथे होतं. स्वरचिन्हं मागाहून, १०व्या शतकापर्यंत, तिबेरियाच्या मसोरा पंडितांनी, म्हणजे मजकूर जसाच्या तसा जपणाऱ्यांनी, पक्की केली. त्यांनी शब्द आणि अक्षरंसुद्धा मोजून ठेवली. १९४७ पासून मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांतली यशयाची सात मीटरहून लांब आहे आणि मसोरा प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी. दोन्हींत मजकूर बराचसा सारखा निघाला, आणि जिथे फरक आहे तिथे अभ्यासकांना आयुष्यभराचं काम मिळालं.

भाषांतरात काय निसटतं याचं एक उदाहरण देतो. ‘शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद.’ अनुवाद ६:४, ज्यू माणूस रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतो ते वाक्य. यात ‘आहे’ नाही. परमेश्वर आमचा देव आहे आणि परमेश्वर एक आहे? की आमचा देव परमेश्वर हा एकच परमेश्वर आहे? मराठीलाही ‘आहे’शिवाय वाक्य चालतं, म्हणून आपण ही संदिग्धता जशीच्या तशी ठेवू शकतो: ‘परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एक.’ कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले, त्यांच्याकडे ग्रंथ नव्हते तेव्हाही हे वाक्य होतं. पुढे याच समाजासाठी वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि तनाखातल्या कथांवर मराठी कीर्तनं रंगली. हिब्रूचं व्याकरण मराठीतून जॉन विल्सनने १८३२ मध्येच लिहिलं होतं. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायाबापड्यांच्या मराठीत आणलं. तेव्हा मराठीतून हा ग्रंथ वाचणं म्हणजे आडवाट नाही. पुढे ओढ लागली तर २२ अक्षरं पंधरा दिवसांत येतात. सेफारियाच्या संकेतस्थळावर मूळ हिब्रू, इंग्रजी भाषांतर आणि राशीसह जुनी भाष्यं मोफत मिळतात.

आता तुमचा क्रम. या आठवड्यात रूथ, फक्त चार अध्याय, ८५ ओव्या. वाचताना अनुवाद २३:३ शेजारी उघडा ठेवा: मवाबी, म्हणजे शेजारच्या मवाब देशातल्या, माणसाला दहाव्या पिढीपर्यंत देवाच्या मंडळीत घ्यायचं नाही. रूथ मवाबी आहे, हे पुस्तक पुन्हा पुन्हा बजावतं, आणि शेवटच्या ओळीत ती दावीद राजाची पणजी निघते. रब्बींनी वाट काढली, की नियमात ‘मवाबी’ हा शब्द पुल्लिंगी आहे, तो बायकांना लागू नाही. ती पटते का, ते उजव्या रकान्यात लिहा. त्यानंतर उत्पत्ती १२ ते ५०, निर्गम १ ते २०, शमुवेलाची दोन्ही पुस्तकं सलग, मग योना आणि आमोस. स्तोत्रं रोज एक, पाठ झाली तर उत्तमच.

आणि मग लेवीयकडे परत या, पण पहिल्या अध्यायाकडे नको, १०व्याकडे. मोशेचा भाऊ, मुख्य याजक अहरोन, त्याचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, सेवेच्या ऐन सुरुवातीच्या दिवसांत निवासमंडपातच अग्नीने मरतात. मोशे काहीतरी धर्मवचन सांगतो. बापाबद्दल हिब्रूत दोन शब्द आहेत: ‘वय्यिद्दोम अहारोन’, अहरोन गप्प राहिला. अध्यायाच्या शेवटी मोशे पापबलीच्या बकऱ्याची चौकशी करतो, तो ठरल्या जागी खायचा सोडून जाळून टाकलाय हे कळल्यावर चिडतो. तेव्हा अहरोन पहिल्यांदा बोलतो: आज माझ्यावर हे असं गुदरलं, आज मी पापबली खाल्ला असता, तर ते परमेश्वराला बरं वाटलं असतं का? मोशे ऐकतो, आणि त्याला ते पटतं. तुम्हाला ज्या विधींचा कंटाळा आला, त्यांच्या मधोमध हा माणूस उभा आहे. ‘मोशेने कसून चौकशी केली’ याला हिब्रूत ‘दारोश दाराश’ असे जोडशब्द आहेत. देराश आणि मिद्राश (देराश पद्धतीचं जुनं भाष्य) यांचा धातू हाच. जुन्या शास्त्र्यांनी तोराचे शब्द मोजले, तेव्हा सगळ्या तोराचा मध्य त्यांना या दोन शब्दांच्या मधे सापडला.